तंत्रज्ञानविषयक विधेयकाला विरोध : खासदारांना काय मागायचं, कधी आणि कसं

‘हे विधेयक रद्द करा’ असा एकच मजकूर पाचशे जणांनी एकाच दुपारी पाठवला, तर खासदारांच्या कार्यालयात तो एकदाच वाचला जातो. उरलेले चारशे नव्याण्णव मेल मोजले जातात, कधी तेही नाही. यात दोन चुका जवळपास प्रत्येक वेळी होतात. पत्र उशिरा जातं, आणि खासदाराला देता येणार नाही अशी गोष्ट त्यात मागितलेली असते. पुढचा सगळा क्रम या दोन चुका टाळण्यासाठी आहे. तो संसदेपुढच्या विधेयकांसाठी लिहिला आहे. विधिमंडळाचा विषय कधी येतो ते टप्पा २ मध्ये पाहा.

टप्पा १ : विधेयक आज नेमकं कुठे आहे ते शोधा

मंत्रालयाचा मसुदा, सभागृहात मांडणी, समिती, विचार आणि कलमवार चर्चा, दुसरं सभागृह, राष्ट्रपतींची मंजुरी आणि शेवटी नियम, असा हा प्रवास आहे. प्रत्येक थांब्यावर दार वेगळं आणि मागणी वेगळी. बातमीत मात्र सगळ्यालाच ‘नवा कायदा’ म्हणतात, म्हणून बातमीवर विसंबू नका. संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर प्रत्येक विधेयकाची स्थिती आणि मूळ मजकूर असतो.

मसुद्याचा टप्पा सगळ्यात मऊ. केंद्र सरकारच्या २०१४ च्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो. हे धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे ते डावललंही जातं. तरी या काळात सरकारने भूमिका जाहीरपणे ताणून धरलेली नसते, माघार घेताना कुणाचं नाक कापलं जात नाही. प्रसारण सेवा विधेयकाचा मसुदा नोव्हेंबर २०२३ मध्ये आला, सुधारित मसुद्यावर गदारोळ झाला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रालयाने आणखी सल्लामसलत करून नवा मसुदा आणू असं सांगत सूचनांची मुदत १५ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. या टप्प्यावर हरकत मंत्रालयाकडे पाठवायची आणि प्रत खासदाराला द्यायची.

एकदा विधेयक मांडलं गेलं की वेळ किती उरतो, ते या तारखांवरून पाहा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ३ ऑगस्ट २०२३ ला मांडलं, ७ ला लोकसभेत आणि ९ ला राज्यसभेत मंजूर. दूरसंचार विधेयक १८ डिसेंबर २०२३ ला मांडलं, २० आणि २१ ला दोन्ही सभागृहांत मंजूर. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलं आणि त्याच दिवशी मंजूर, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची मंजुरी. बातमी वाचून पत्र लिहायला बसलेल्या माणसासाठी लोकसभेचं दार तोवर बंद झालेलं असतं.

म्हणून तयारी अधिवेशनाआधीच करायची. अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशी साधारण तीन अधिवेशनं होतात. प्रत्येकाच्या आधी सरकार मांडू इच्छिणाऱ्या विधेयकांची यादी संसदेच्या पत्रिकेत येते. त्या यादीतलं नाव आणि हाती असलेला जुना मसुदा एवढ्यावर अर्धं पत्र लिहून ठेवता येतं. गेमिंगसारखं विधेयक मात्र अचानकच येतं; तिथे राज्यसभेचा एखादा दिवस आणि पुढचे नियम एवढंच हाती राहतं.

तपासा : हातातली प्रत ‘मांडल्याप्रमाणे’ आहे, ‘लोकसभेने मंजूर केल्याप्रमाणे’ आहे की जुना मसुदा? मसुद्यातला कलम क्रमांक विधेयकात सरकलेला असतो. चुकीचा क्रमांक दिसला की पुढचं वाचण्याचं कारणच उरत नाही.

टप्पा २ : कोणाला लिहायचं

टपाल, दूरध्वनी, बिनतारी आणि प्रसारण हे विषय संघसूचीत आहेत, म्हणजे संसदेचे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था राज्यसूचीत. त्यामुळे शहरभर चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवण्याचा निर्णय राज्याचा असेल, तर खासदाराला लिहून फार उपयोग नाही. तिथे आमदार आणि गृह विभाग. ही चूक इतकी सर्रास होते की खासदारांच्या कार्यालयातून ‘राज्याचा विषय आहे’ एवढ्या एका ओळीत पत्राची बोळवण होते.

लोकसभेचा तुमचा खासदार एकच, पण राज्यसभेत महाराष्ट्राचे १९ सदस्य आहेत आणि ते साऱ्या राज्याचे प्रतिनिधी आहेत. लोक त्यांना विसरतात. लोकसभेत विधेयक मंजूर झालं की ‘आता काय उरलं’ म्हणून हात झटकले जातात, तेव्हा खरं तर एक अख्खं सभागृह बाकी असतं. अपवाद धन विधेयकाचा, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशांच्या बाबींच्या विधेयकाचा. त्यावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, त्याही १४ दिवसांत, आणि लोकसभा त्या फेटाळू शकते. २०१६ मध्ये आधार विधेयकाचं नेमकं हेच झालं.

तिसरी यादी समितीची. दळणवळण आणि माहिती तंत्रज्ञान विषयाच्या स्थायी समितीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. ही समिती दरवर्षी नव्याने बनते, त्यामुळे गेल्या वर्षीची यादी वापरू नका. समितीतला सदस्य तुमच्या मतदारसंघाचा नसला तरी त्याला लिहायला हरकत नाही. पहिल्याच ओळीत ‘समितीचे सदस्य या नात्याने आपल्याला लिहीत आहे’ असं म्हणा.

इशारा : एका मेलमध्ये महाराष्ट्राच्या लोकसभेतल्या ४८ खासदारांचे पत्ते एका रांगेत घालून पाठवू नका. असा मेल कुणाचाच नसतो.

टप्पा ३ : विधेयक वाचा, पण पहिल्या पानापासून नव्हे

प्रास्ताविक सोडा. आधी व्याख्यांचं कलम वाचा, मग सूट कोणाला आहे ते, मग दंड आणि शिक्षा, आणि शेवटी नियम करण्याचा अधिकार देणारं कलम. तंत्रज्ञानाच्या विधेयकात खरी मेख बहुधा व्याख्येत असते. सप्टेंबर २०२२ च्या दूरसंचार मसुद्यात ‘दूरसंचार सेवा’ या शब्दांत इंटरनेटवरून चालणाऱ्या संदेशसेवांचा नाव घेऊन समावेश होता. २०२३ च्या कायद्यात तो उल्लेख नाही, पण व्याख्या तरीही रुंद आहे. फक्त ‘परवाना’ शब्द शोधत विधेयक चाळणाऱ्याच्या हे लक्षातच येणार नाही.

विधेयकाच्या अगदी शेवटी प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन असतं. फारसं कुणी तिथवर जात नाही. सरकारने पुढे नियमांनी ठरवण्यासाठी काय काय राखून ठेवलंय, त्याची कलमवार यादी तिथे आयती मिळते. ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ हे शब्द ज्या कलमात आहेत, त्या कलमाचा खरा अर्थ संसदेसमोर आलेलाच नसतो. हरकतीसाठी याहून चांगली जागा नाही, कारण कोणत्याही पक्षाच्या खासदाराला ‘हे मूळ कायद्यातच लिहा’ असं म्हणता येतं.

वाचून झाल्यावर एकच कलम निवडा. फार तर दोन. दहा कलमांवर हरकती घेणारं पत्र विद्वान वाटतं, पण सभागृहात खासदाराला बोलायला तीन-चार मिनिटं मिळतात.

टप्पा ४ : मागणी ठरवा

सगळ्यात जास्त पत्रं इथे फसतात. १९८५ पासून घटनेच्या दहाव्या अनुसूचीत पक्षांतरबंदी आहे. पक्षाने व्हिप (कसं मत द्यायचं याचा पक्षादेश) काढल्यावर त्याविरुद्ध मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे ‘विधेयकाविरुद्ध मतदान करा’ ही मागणी सत्ताधारी खासदाराला पाळता येत नाही आणि विरोधी खासदार ती तुमच्या पत्राशिवायही पाळणार असतो. दोन्हीकडे पत्र वाया.

खासदाराच्या हातात असलेल्या गोष्टी टप्प्यानुसार बदलतात.

मसुदा असताना : मंत्र्यांना स्वतःच्या लेटरहेडवर पत्र. सत्ताधारी खासदार हे बिनबोभाट करू शकतो आणि मंत्री त्याला उत्तर देतात. शिवाय लेखी प्रश्न. त्यासाठी किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून ऐनवेळी ‘प्रश्न विचारा’ म्हणण्यात अर्थ नाही.

मांडणीच्या दिवशी : लोकसभेत मांडणीलाच विरोध करायचा, तर सदस्याने त्या दिवशी सकाळी १० पर्यंत आक्षेप नमूद करून सूचना द्यायची असते. ही मागणी आदल्या संध्याकाळपर्यंत पोचली पाहिजे.

मांडल्यावर, चर्चेआधी : विधेयक स्थायी, प्रवर (त्या विधेयकापुरती नेमलेली एका सभागृहाची) किंवा संयुक्त (दोन्ही सभागृहांची) समितीकडे पाठवा, किंवा जनमत अजमावण्यासाठी प्रसृत करा. आमच्या मते सर्वात कामाची मागणी हीच. तिच्यात विधेयकाला विरोध नाही, फक्त वेळ मागितलाय, त्यामुळे सत्ताधारी बाकांवरही ती अगदीच अस्पृश्य नसते. २०१९ चं वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात ८१ दुरुस्त्या सुचवल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं.

कलमवार चर्चेत : नेमक्या शब्दांची दुरुस्ती. लोकसभेत तिची सूचना विधेयक विचारात घेण्याच्या एक दिवस आधी द्यावी लागते. तुमच्या कलमावरचा निर्णय आवाजी मतदानाने न होता मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नोंदवणारं मतदान, व्हावं, अशी मागणीही सदस्य करू शकतो. आवाजी मतदानात कोण कुठे होतं याची नोंद राहत नाही.

विधेयक यायच्या आधी किंवा रेंगाळलेलं असताना : लोकसभेत नियम ३७७ खाली मुद्दा, राज्यसभेत विशेष उल्लेख, दोन्हीकडे शून्य प्रहर; सभागृहात एखादा मुद्दा थोडक्यात मांडायच्या या सोयी आहेत.

तपासा : तुमची मागणी एका वाक्यात मावते का, आणि त्या वाक्यातलं क्रियापद खासदाराला स्वतः करता येण्याजोगं आहे का? ‘थांबवा’, ‘रोखा’, ‘न्याय द्या’ ही क्रियापदं चालत नाहीत. ‘सुचवावी’, ‘मागणी करावी’, ‘विचारावं’, ‘मंत्र्यांना लिहावं’ ही चालतात.

टप्पा ५ : पत्र

एक पान. महाराष्ट्रातल्या खासदाराला मराठीतच लिहा. कार्यालयात ते आधी वाचणारा माणूस मराठीच असतो. मात्र विधेयकाचा मजकूर इंग्रजी आणि हिंदीत असतो, आणि दुरुस्ती त्याच भाषेतल्या शब्दांवर मांडावी लागते. म्हणून दुरुस्तीचे नेमके शब्द विधेयकाच्या भाषेत वेगळ्या अर्ध्या पानावर टंकून जोडा. हे जोडपान असेल तर खासदाराच्या स्वीय सहायकाला (पीएला) मजकूर नव्याने तयार करावा लागत नाही.

नमुना म्हणून एक काल्पनिक कलम घेऊ : ‘प्रत्येक डिजिटल सेवा पुरवठादाराने वापरकर्त्याची ओळख विहित रीतीने पडताळावी.’ त्यावरचं पत्र असं :

विषय : (विधेयकाचं पूर्ण नाव, वर्ष) – कलम १४(२) मध्ये दुरुस्ती सुचवण्याबाबत.

मा. खासदार महोदय,
सप्रेम नमस्कार. मी आपल्या मतदारसंघातील मतदार असून (गाव, तालुका, पिनकोड) येथे राहतो. येथे १२० मुलांचा शिकवणी वर्ग चालवतो.
कलम १४(२) नुसार ‘प्रत्येक’ डिजिटल सेवा पुरवठादाराला वापरकर्त्यांची ओळख पडताळावी लागेल. कलम २ मधील व्याख्येत सेवेच्या आकाराची मर्यादा नाही. त्यामुळे मुलांचा गृहपाठ ठेवणारे आमचे छोटे संकेतस्थळही त्यात येते आणि १२० अल्पवयीन मुलांची ओळखपत्रे साठवण्याची वेळ आमच्यावर येते. ती सुरक्षित ठेवण्याची साधने आमच्याकडे नाहीत.
विनंती अशी की, ‘प्रत्येक’ या शब्दाऐवजी ‘भारतात पन्नास लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्रत्येक’ हे शब्द घालणारी दुरुस्ती आपण सुचवावी. ते शक्य नसल्यास विधेयक स्थायी समितीकडे पाठवण्याची मागणी सभागृहात करावी.
आपण याबाबत काय ठरवले ते कळवल्यास आभारी राहीन.
आपला,

यात पन्नास लाखांचा आकडा हवेतून आलेला नाही. मोठ्या समाजमाध्यमांसाठी सरकारने २०२१ मध्ये हाच आकडा ठरवला. सरकारचाच आकडा उसना घेतला की ‘हा कुठून काढला?’ हा प्रश्न संपतो. ‘गोपनीयतेचा मूलभूत हक्क’, ‘हुकूमशाही’ हे शब्द पत्रात नाहीत, तेही मुद्दाम. ते खासदाराला माहीत आहेत. १२० मुलांची ओळखपत्रं त्याला माहीत नाहीत.

आणि दुसरी, सौम्य मागणी कायम ठेवा. पहिली नाकारणाऱ्याला हो म्हणायला काहीतरी हवं असतं.

इशारा : छापील नमुना जसाच्या तसा पाठवू नका. फेसबुकच्या फ्री बेसिक्स (ठरावीक संकेतस्थळं मोफत देणारी सेवा) या योजनेच्या बाजूने ट्रायकडे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे, लाखोंनी आलेल्या तयार प्रतिसादांबद्दल ट्रायने हेच म्हटलं होतं, की त्यात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्णय फेसबुकच्या विरुद्ध गेला. नमुन्यातून मागणीचं वाक्य तेवढं घ्या, अडचणीचा परिच्छेद स्वतःचा लिहा.

आणखी एक : सार्वजनिक सल्लामसलतीत पाठवलेला मजकूर नावासकट प्रसिद्ध होऊ शकतो. एप्रिल २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेटवरच्या सगळ्या सेवांना समान वागणूक) आलेले दहा लाखांहून अधिक मेल ट्रायने पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट संकेतस्थळावर टाकले. पत्रात आधार क्रमांक किंवा ओळखपत्राची प्रत कधीही जोडू नका. मतदार असल्याचं दाखवायला गाव आणि पिनकोड पुरतो.

टप्पा ६ : पत्र पोचवणं

क्रम असा ठेवा : आधी मेल, त्याच दिवशी फोन, मग कार्यालयात छापील प्रत. फोन आधी केला तर समोरचा ‘मेल करा’ म्हणतो आणि ओळख वाया जाते.

मेलचा विषय पत्राचाच असू द्या. ‘अत्यंत तातडीचे’ लिहू नका. पत्र मजकुरात चिकटवा आणि पीडीएफही जोडा. मेल मोबाइलवर वाचला जातो, जोडलेली फाइल उघडेलच असं नाही.

फोनवर बहुधा पीए असतात. बोलणं एका मिनिटात संपवा :

‘नमस्कार साहेब, मी अमुक गावातून बोलतोय, आपल्याच मतदारसंघातला. ओळख पडताळणीच्या विधेयकावर एक दुरुस्ती सुचवणारं पत्र सकाळी मेल केलंय. उद्यापर्यंत सूचना द्यावी लागते म्हणून फोन केला. मजकूर तयार करून जोडलाय. साहेबांसमोर जाईल ना? आणि दिल्लीच्या कार्यालयात याकडे कोण पाहतं, त्यांना वेगळी प्रत पाठवू का?’

शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. मतदारसंघातलं जनसंपर्क कार्यालय रस्ते, दाखले, रेल्वेची आरक्षणं यांत बुडालेलं असतं. सभागृहाचं काम दिल्लीतला सहायक पाहतो, आणि त्याचं नाव कोणत्याही यादीत नसतं, ते असंच विचारून मिळतं. पीएशी वाद घालू नका. ‘विधेयक चांगलंच आहे’ असं ते म्हणाले तर ‘बरोबर, म्हणूनच एकच कलम सुधारायचं म्हणतोय’ एवढं पुरे.

भेट हवी असेल तर अधिवेशनाच्या काळात शनिवार-रविवार पाहा. एरवी खासदार दिल्लीत असतात. तिघे-चौघे जा, आणि चौघांच्या अडचणी वेगळ्या असू द्या : एक दुकानदार, एक शिक्षक, एक सॉफ्टवेअरमधला. सॉफ्टवेअरवाल्याने सर्वात कमी बोलावं. एन्क्रिप्शन समजावत बसलात तर दहा मिनिटं तिथेच जातात. निघताना छापील प्रतीवर आवक शिक्का आणि तारखेसह पोच घ्या; पुढच्या प्रत्येक पत्रात त्या पोचेचा हवाला द्यायचा आहे.

टप्पा ७ : विधेयक समितीकडे गेलं तर

समिती वर्तमानपत्रांत आणि संकेतस्थळावर सूचना काढून निवेदनं मागवते. मुदत सूचनेत लिहिलेली असते आणि ती फार लांब नसते. निवेदन इंग्रजी किंवा हिंदीत करा. तीन स्तंभांचा तक्ता घाला : कलम, हरकत, सुचवलेले शब्द. तोंडी साक्ष द्यायची इच्छा असेल तर निवेदनात तसं स्पष्ट लिहा. नाहीतर बोलावणं येण्याचा प्रश्नच नाही.

इशारा : समितीला दिलेलं निवेदन तिच्या अभिलेखाचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. ते जसंच्या तसं समाजमाध्यमांवर टाकणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. जाहीर भूमिका मांडायचीच असेल तर वेगळा मजकूर लिहा, निवेदनाची प्रत नव्हे.

मांडलेल्या विधेयकावर सभागृहाला याचिकाही करता येते. तिची भाषा संयत लागते, मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं, आणि ती सभागृहात सादर करायला एखादा सदस्य प्रतिस्वाक्षरीसह तयार हवा. दोन दिवसांत मंजूर होणाऱ्या विधेयकावर ही वाट निरुपयोगी आहे.

टप्पा ८ : पाठपुरावा, आणि मंजूर झाल्यानंतरचं काम

पत्रानंतर आठवडाभराने एक फोन, त्यानंतर एक मेल. त्याहून जास्त नको. मधल्या काळात विधेयक पुढच्या टप्प्यावर गेलं, तर जुन्या पत्राची आठवण न देता नव्या टप्प्याची मागणी पाठवा. खासदाराने मंत्र्यांना लिहिलं असं कळलं तर पत्राची आणि आलेल्या उत्तराची प्रत मागा. उत्तर खासदाराकडेच येतं. तुम्ही मागितल्याशिवाय ते तुमच्यापर्यंत पोचत नाही. खासदार चर्चेत बोलला तर त्याचं भाषण संसदेच्या संकेतस्थळावर शोधा आणि आभाराचं चार ओळींचं पत्र पाठवा, तो तुमच्या बाजूने अर्धवटच बोलला असला तरी.

मंजुरीनंतर फाइल बंद करू नका. डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा, त्याच्या नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला आणि नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. टप्पा ३ मध्ये ‘विहित’ म्हणून बाजूला काढलेली कलमं या काळात भरली जातात. नियमांच्या मसुद्यावर हरकती मंत्रालय घेतं, आणि तिथेही खासदाराचं एक पत्र सोबत असलं तर वजन पडतं.

अधिसूचित नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवावे लागतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात, कलम ८७ नुसार, ही मुदत अधिवेशनाचे एकूण ३० दिवस आहे आणि त्या काळात सदस्य नियम बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडू शकतो. राज्यसभेचे तत्कालीन सदस्य पी. राजीव यांनी २०१२ मध्ये मध्यस्थांविषयीच्या (इतरांचा मजकूर वाहून नेणाऱ्या इंटरनेट सेवांविषयीच्या) २०११ च्या नियमांवर असा प्रस्ताव मांडला होता. तो मंजूर झाला नाही, पण नियमांवर सभागृहात चर्चा झाली आणि मंत्र्यांना उत्तर द्यावं लागलं. हा मार्ग अनेक कार्यालयांना सवयीचा नसतो, म्हणून पत्रात कलम क्रमांक, नियम सभागृहापुढे ठेवल्याची तारीख आणि प्रस्तावाचे शब्द तिन्ही तुम्हीच द्या. तारीख त्या दिवसाच्या कामकाजातल्या ‘सभागृहापुढे ठेवलेले कागदपत्र’ या नोंदीत मिळते.